एक काम, एक चिठ्ठी

तक्त्यात ‘वॉरंटी’च्या ओळीत पाचही पुरवठादारांपुढे ‘१२ महिने’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ओळ कशी एकसारखी, देखणी दिसत होती. मी सही केली, तक्ता वर गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला : “त्या पाचव्याच्या कोटेशनमध्ये बारा महिने कुठे लिहिलेत हो?” मी कोटेशन काढून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. वॉरंटीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. एआय सहायकाने बाकी चौघांकडे बघून पाचवी चौकट भरून टाकली होती.

चूक माझीच, आणि ती सही करण्याच्याही आधीची. काम देताना मी लिहिलं होतं एवढंच : ‘या पाच कोटेशन्सचा तुलना तक्ता करून दे.’ माहिती नसेल तिथे काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं. न सांगितलेली जागा कोरी ठेवणं या यंत्राच्या रक्तात नाही. ते शब्दामागून शब्द मांडत जातं, आधीच्या मजकुरावरून पुढे काय येणं सगळ्यात संभवनीय आहे ते बघत. चार ठिकाणी ‘१२ महिने’ आल्यावर पाचव्या ठिकाणी तेच येणं त्याच्या दृष्टीने अगदी साहजिक होतं. खोटं बोलायचा त्याचा हेतू नव्हता. हेतू हा प्रकारच तिथे नसतो.

खरेदी विभागात मला बावीस वर्षं झाली. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं, पुढे आमच्याकडेही ऑफिसने मान्य केलेलं एक साधन आलं, आणि तेव्हापासून मी रोज त्याला काही ना काही काम देते. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे. माझी उदाहरणं खरेदीतली आहेत, पण कोटेशनच्या जागी अर्ज, अहवाल, तक्रारी, बिलं काहीही ठेवा, गोष्ट तीच राहते.

आधी काम निवडा

माझी कसोटी एकच आहे : हे काम करायला मला किती वेळ लागेल हे मी बघतच नाही, झालेलं काम तपासायला किती लागेल ते बघते. पाच कोटेशन्सचा तक्ता हाताने करायला मला दोन तास लागतात. झालेला तक्ता कोटेशन्सशी ताडून बघायला वीस-पंचवीस मिनिटं. हे काम द्यायचं. ‘हा नवा पुरवठादार भरवशाचा आहे का ते शोध’ हे काम द्यायचं नाही. त्याचं उत्तर खरं की खोटं हे पाहायला मला तेच सगळे फोन करावे लागतील, जे मी तसेही केले असते, आणि वर एक गुळगुळीत परिच्छेद वाचण्याचा वेळ गेला तो वेगळाच.

दुसरं, काम खरोखर एक असलं पाहिजे. ‘कोटेशन्स वाच, तुलना कर, सगळ्यात चांगला निवड आणि त्याला पत्र लिही’ हे एक वाक्य आहे, पण कामं चार आहेत. वाचताना झालेली चूक तुलनेत शिरते, तुलनेतली निवडीत, आणि पत्रापर्यंत पोचते तेव्हा ती इतक्या नेटक्या भाषेत गुंडाळलेली असते की ओळखू येत नाही. मी सांगताना स्वतःचं वाक्य ऐकते. तोंडात ‘आणि मग’ आलं की तिथे कात्री. पहिल्या कामाचा शेवट माझ्या हातात येतो, मी तो तपासते, आणि मगच दुसरं काम देते. एक तक्ता, एक पत्र, एक यादी. हातात धरून बघता येईल अशी एकच वस्तू.

यावर लोक म्हणतात, मग वेळ कसला वाचला? वाचतो. वॉरंटीच्या प्रकरणानंतर खुलाशाची टिपणं लिहिण्यात माझा आख्खा दिवस गेला होता.

चिठ्ठी

एआयला काम सांगायला जो मजकूर लिहितो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मी चिठ्ठी म्हणते, कारण मला ती रजेवर जाताना शेजारच्या टेबलावर ठेवतो त्या चिठ्ठीसारखी वाटते. उद्या माझ्या जागी दुसऱ्या विभागातला एक जण बसणार आहे. हुशार आहे, झपाझप काम करतो, पण आमच्या विभागात कधी बसलेला नाही. फाइल कुठे आहे, साहेबांना काय चालत नाही, ‘नेहमीसारखं’ म्हणजे कसं, यातलं त्याला काही ठाऊक नाही. आणि अडलं तर मला फोन न करता स्वतःच्या डोक्याने वाट काढण्याची त्याला खोड आहे. अशा माणसासाठी जशी चिठ्ठी लिहाल तशी लिहा.

पंपांच्या तुलना तक्त्यासाठी मी दिलेली चिठ्ठी जशीच्या तशी :

*सोबत ४० पंपांसाठी आलेली पाच कोटेशन्स आहेत. फाइलींची नावं अ, ब, क, ड, इ.*

*मला फक्त तुलना तक्ता हवा आहे. तो खरेदी समितीपुढे जाणार आहे आणि समितीतल्या दोघांना तांत्रिक बाजू माहीत नाही.*

*उभे रकाने पुरवठादारांचे. आडव्या ओळी याच क्रमाने : प्रति नग दर, कर दरात धरला आहे की वेगळा, वाहतूक कोणाकडे, डिलिव्हरी किती आठवड्यांत, पैसे देण्याच्या अटी, वॉरंटी, कोटेशनची मुदत.*

*प्रत्येक चौकटीत कोटेशनमधले शब्द आहेत तसे ठेव, पुढे पान क्रमांक दे.*

*कोटेशनमध्ये नसेल तिथे ‘उल्लेख नाही’ असं लिही. अंदाज नको. दुसऱ्याचं बघून भरू नकोस.*

*बेरीज, क्रमवारी, शिफारस नको.*

*जे दोन अर्थांनी वाचता येईल ते तक्त्याखाली वेगळं लिही.*

*सुरू करण्याआधी काही विचारायचं असेल तर विचार.*

‘उल्लेख नाही’ची ओळ कुठून आली ते सांगितलंच. ही ओळ घातल्यापासून तक्ते पूर्वीइतके देखणे दिसत नाहीत. मध्येमध्ये भोकं दिसतात, आणि मला तीच बघायची असतात, कारण पुरवठादाराला फोन करून काय विचारायचं याची ती आयती यादी असते.

‘शब्द आहेत तसे ठेव’ हे मी एका एक्स-वर्क्सवरून शिकले. एक्स-वर्क्स म्हणजे माल पुरवठादाराच्या दारातच आपण ताब्यात घ्यायचा. तिथून पुढची वाहतूक आणि जोखीम आपल्या डोक्यावर. सहायकाने त्याचं सोपं करून लिहिलं : ‘माल कारखान्यातून पाठवला जाईल.’ वाचणाऱ्याला वाटणार, पाठवणार म्हणजे तेच पाठवणार. चार शब्दांत वाहतुकीचा बोजा इकडचा तिकडे गेला. सोपं करणं हे वेगळं काम आहे, ते हवं असेल तर तक्ता तपासून झाल्यावर वेगळ्या चिठ्ठीने मागा.

पान क्रमांकाची अट तपासणीसाठी आहे. आणखी एक फायदा असा की जिथे पान क्रमांक चुकलेला सापडतो तिथे मजकूरही बहुधा डळमळीत असतो. तक्ता म्हणतो वाहतूक पान ३ वर, आणि पान ३ वर फक्त शिक्का आणि सही. थांबा, नीट बघा.

‘शिफारस नको’ यावर आमच्याकडे वाद आहे. एक सहकारी म्हणतात, मत घ्यायला काय जातं? माझं म्हणणं, एकदा ‘ब सर्वांत योग्य वाटतो’ हे वाक्य डोळ्यांखालून गेलं की पुढची तपासणी आपण ब-चा वकील होऊन करतो. मी स्वतः तसं करताना स्वतःला पकडलं आहे. निवड आपली झाल्यावर मग हवं तर विचारावं, माझ्या निवडीविरुद्ध काय काय म्हणता येईल.

शेवटची ओळ लोक बिनकामाची समजतात. मागच्या खेपेला त्याच ओळीमुळे त्याने विचारलं : ‘ब च्या कोटेशनमध्ये २५ नगांपर्यंतचा आणि त्यापुढचा असे दोन दर आहेत, कोणता घेऊ?’ दुसरा दर तळटिपेत होता, बारीक टाइपात. माझ्या नजरेतून तो सुटला असता.

चिठ्ठी कोणत्या भाषेत लिहायची, हेही लोक विचारतात. ज्या भाषेत तुम्ही स्पष्ट विचार करता त्या. मी मराठीत लिहिते, कोटेशन्स इंग्रजीत असतात, अडत नाही. मी त्याला ‘तू’ म्हणते. एक सहकारी ‘कृपया’शिवाय वाक्य सुरू करत नाहीत. त्यांचे तक्ते माझ्यापेक्षा सरस येतात असं काही दिसलेलं नाही.

नमुना द्या, विशेषणं नको

पत्रं लिहून घेताना सगळ्यात जास्त वैताग येतो तो गोडव्याचा. डिलिव्हरी तीन आठवडे लांबली होती. मी लिहिलं, ‘पुरवठादाराला कडक पण सभ्य आठवणपत्र लिही.’ आलं ते असं :

‘आपल्या मौल्यवान सहकार्याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. आपणास नम्रपणे स्मरण करून देऊ इच्छितो की, सदर मालाच्या पुरवठ्यास काहीसा विलंब झाल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे…’

काहीसा! तीन आठवडे मशीन उभं होतं. मी म्हटलं, ‘आणखी कडक.’ त्यावर जे आलं ते वकिलाची नोटीस वाटावी असं. ‘कडक’ या शब्दाचं माप त्याच्याकडे एक होतं, माझ्याकडे दुसरं. तेव्हापासून मी विशेषणं देत नाही. माझीच जुनी दोन पत्रं देते, जी मी स्वतः लिहिली आणि जी पाठवल्यावर माल आला. सोबत हे : ‘याच चालीचं पत्र. सहा वाक्यांच्या आत. पहिल्या वाक्यात परचेस ऑर्डरचा क्रमांक आणि ठरलेली तारीख. आभार नकोत. शेवटी एकच प्रश्न : माल कोणत्या तारखेला निघेल?’ आलेलं पत्र असं :

‘ऑर्डरनुसार माल ५ तारखेला पोचायचा होता. आज २६ आहे. मागच्या दोन ईमेलना आपल्याकडून उत्तर आलेलं नाही. आमचं एक मशीन या मालावाचून बंद आहे. माल कोणत्या तारखेला निघेल ते आज संध्याकाळपर्यंत कळवावे.’

एवढंच. मी त्यात ऑर्डरचा क्रमांक घातला. तो मी त्याला दिलाच नव्हता आणि त्याने तो आपल्या मनाने घातला नव्हता, हे बघून बरं वाटलं.

‘बघू’चं काय करायचं

मीटिंगची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, हे सगळ्यांचं नावडतं काम, म्हणून ते सगळ्यात आधी एआयकडे जातं. जाऊ द्या. पण एक गोष्ट सांभाळा.

आमच्या एका मीटिंगचं रेकॉर्डिंग मजकुरात उतरवून मी त्याची मिनिट्स करायला दिली. मुद्दा होता सुट्या भागांचा साठा दुप्पट करण्याचा. स्टोअर्सवाल्यांनी मागणी केली, साहेब म्हणाले, ‘बघू, करू काहीतरी.’ मिनिट्समध्ये आलं : ‘साठा वाढवण्यास तत्त्वतः मान्यता देण्यात आली.’ आता साहेबांना ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, त्यांचं ‘बघू, करू काहीतरी’ म्हणजे स्वच्छ नकार. तो नकार त्यांच्या आवाजात होता, खुर्ची मागे सरकवण्यात होता. कागदावर उतरलं ते फक्त ‘करू’.

म्हणून मिनिट्सच्या चिठ्ठीत मी दोन याद्या मागते. पहिलीत फक्त तेवढंच, जिथे कोणीतरी स्पष्ट शब्दांत जबाबदारी घेतली आहे आणि तारीख दिली आहे. शेजारी त्या माणसाचं मूळ वाक्य. दुसरीत बाकी सगळं, ‘चर्चा झाली’ या नावाखाली. ‘बघू’, ‘हरकत नाही’, ‘नंतर बोलू’ हे शब्द आले की ते दुसऱ्या यादीतच टाक, असं नावानिशी लिहून ठेवलं आहे. त्यातलं कुठलं ‘हरकत नाही’ खरंच होकार होतं ते मी ठरवते, कारण मी खोलीत होते. ज्या मीटिंगला मी नव्हते तिची मिनिट्स मी अशी करून घेत नाही.

आकडे आणि तारखा

बेरीज सांगू नका, सूत्र मागा. भाषेचं मॉडेल, म्हणजे या सहायकाच्या आत चालणारं यंत्र, आकडेही तुकड्यातुकड्यांनी, शब्दांसारखेच वाचतं, आणि लांब बेरजेत ते अगदी आत्मविश्वासाने चुकू शकतं. काही साधनं आतल्या आत छोटा प्रोग्रॅम चालवून गणित करतात; तसं असेल तर उत्तर भरवशाचं, पण प्रोग्रॅम चालला की नाही हे बघावं लागतं. त्यापेक्षा ‘या रकान्यांवर एक्सेलचं सूत्र दे’ म्हणावं, सूत्र आपल्या शीटमध्ये घालावं आणि दोन ओळी कॅल्क्युलेटरवर करून बघाव्यात. सूत्र बरोबर असलं की हजार ओळींना बरोबर असतं, चुकलं तर चूक लगेच डोळ्यात भरते.

तारखांचं दुखणं वेगळंच. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? अमेरिकेत महिना आधी लिहितात, आणि तिथल्या पुरवठादाराच्या कोटेशनवर तसंच येतं. चिठ्ठीत लिहा : ‘महिना अक्षरात लिही, संदिग्ध तारीख असेल तर मूळ आकडे तसेच ठेवून बाजूला खूण कर.’

काय चिकटवायचं नाही

एका पुरवठादाराचा दर दुसऱ्याला कळता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. बाहेरच्या सर्व्हरवर कोटेशन चढवणं म्हणजे ते ऑफिसबाहेर देणंच. २०२३ च्या वसंतात सॅमसंगच्या काही इंजिनिअरांनी आपला सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं, आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. ते लोक काही लबाड नव्हते, कामच उरकत होते.

तर ऑफिसने मान्य केलेल्या साधनाबाहेर काही द्यायचं नाही. आणि मान्य साधनातसुद्धा मी नावं काढते. अ, ब, क ही अक्षरं म्हणूनच आहेत. फाइलच्या नावात, पानाच्या माथ्यावर, ईमेलच्या तळाशी असलेल्या सहीत नाव लपलेलं असतं, ते आधी पुसायचं. कोणतं अक्षर कोणाचं ही यादी माझ्या डायरीत, पेनाने. लोक हसतात. याचा एक आडून फायदाही आहे : नाव नसलं की एखाद्या बड्या ब्रँडबद्दल आधीच वाचलेलं चांगलंवाईट तक्त्यात झिरपत नाही.

माणसांचं काही असेल, म्हणजे कोणाच्या आजारपणाची रजा, कोणाविरुद्धची तक्रार, तर मी ते कुठल्याच साधनाला देत नाही. ऑफिसच्या नियमात ते बसत असलं तरी.

प्रत्येक कामाला नवं पान

एकाच संभाषणात दिवसभराची कामं ढकलत राहायचा मोह होतो. नको. त्याच्यापुढे ते सगळं संभाषण असतं, आणि सकाळचं दुपारी मिसळतं. माझ्याकडे एकदा पंपांच्या तक्त्यातली ‘सहा आठवडे’ ही डिलिव्हरी दुपारच्या व्हॉल्व्हच्या पत्रात उतरली होती. शिवाय मजकूर फार लांबला की मधल्या भागाकडे दुर्लक्ष होतं. स्टॅनफर्डमधल्या आणि इतर काही संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं होतं की मॉडेलला लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं चांगलं सापडतं, मधलं कमी. साधनं पुढे सुधारत गेली, पण मी अजूनही चाळीस पानांची निविदा एकदम देत नाही. प्रकरणागणिक तुकडे करते.

दुरुस्तीसुद्धा दोनदाच. पहिल्या उत्तरात चूक निघाली तर नेमकं सांगायचं : ‘ड च्या रकान्यात पैसे देण्याची अट चुकली, पान २ बघ.’ ‘नीट कर’ म्हटलं तर ते बरोबर असलेल्या चौकटीही हलवून ठेवतं. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर चिठ्ठीतच काहीतरी राहिलं आहे असं समजून मी नवं संभाषण उघडते आणि चिठ्ठी सुधारून पहिल्यापासून देते. तिथेही नाही जमलं तर काम हाताने. एकदा मी एका पत्रासाठी अकरा वेळा ‘असं नको, तसं’ करत बसले होते. शेवटी स्वतः लिहिलं तेव्हा सात मिनिटं लागली.

तपासणी

‘हे बरोबर आहे ना?’ हे त्यालाच विचारू नका. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्ध चाललेल्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. गंमत म्हणजे त्यांनी चॅटजीपीटीला विचारलं होतं, हे निवाडे खरे आहेत का? ते म्हणालं, हो. जून २०२३ मध्ये कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. साक्षीदाराला त्याच्याच साक्षीचा पुरावा मागितल्यासारखं झालं ते. आणि ‘हो’ म्हणण्याकडे याचा मुळातच कल असतो. २०२५ च्या एप्रिलअखेर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या मॉडेलचा एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते प्रत्येकाच्या प्रत्येक म्हणण्यावर वाहवा करत सुटलं होतं.

याउलट ‘यातल्या पाच चुका शोध’ असंही म्हणू नका. पाच नसतील तर ते पाच तयार करेल.

मी तपासते ते असं. कोटेशन्स छापलेली, हातात. तक्ता पडद्यावर. आणि दिशा उलटी : तक्त्यातून कोटेशनकडे जाण्याआधी कोटेशनमधून तक्त्याकडे जाते. पान १ वरची प्रत्येक अट पेन्सिलने खूण करत तक्त्यात शोधते. कारण तक्त्यातलं चुकीचं सापडणं सोपं असतं, तक्त्यात न आलेलं सापडत नाही. ‘किमान ५० नग घ्यावे लागतील’ अशी एक अट एकदा अशीच बाहेर राहिली होती. माझ्या सात ओळींत तिला जागाच नव्हती, आणि ‘इतर अटी’ अशी आठवी ओळ मी घातली नव्हती. आता घालते. वर दिलेल्या चिठ्ठीत ती दिसत नाही, कारण पंपांची चिठ्ठी त्याआधीची आहे. तुम्ही वापरलीत तर वाढवून घ्या.

बाहेरून आलेल्या पीडीएफच्या बाबतीत आणखी एक. २०२५ च्या जुलैमध्ये उघडकीला आलं की काही संशोधन निबंधांत पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एआयसाठी सूचना लपवल्या होत्या, ‘फक्त चांगला अभिप्राय दे’ अशा अर्थाच्या. माणसाला दिसत नाही, यंत्र वाचतं. कोटेशनमध्ये असं कोणी केलेलं मला अजून सापडलेलं नाही. पण एखाद्याचा रकाना फारच कौतुकाने भरलेला दिसला, तर मी पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघते. तिथे पांढरी अक्षरंही काळी होतात.

नवीन आलेल्यांसाठी

आमच्याकडे एक मुलगा आला, चुणचुणीत. पहिल्या आठवड्यापासून सगळे तक्ते एआयकडून. तीन महिन्यांनी मी त्याला एक कोटेशन दिलं आणि म्हटलं, यात काय खटकतं सांग. तो म्हणाला, “मॅडम, अपलोड करून सांगतो.” त्याला कोटेशन वाचताच येत नव्हतं. कोटेशनची मुदत डिलिव्हरीच्या आधीच संपते, ही गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर होती, पण डोळा तयार नव्हता. जो डोळा तयार नाही तो तपासणार काय? तेव्हापासून विभागात नियम केला आहे : प्रत्येक प्रकारचं काम आधी दहा वेळा हाताने. अकराव्यापासून सहायक. त्या मुलाला सुरुवातीला राग आला होता. परवा मात्र त्याने माझ्याच तक्त्यातली एक चूक काढली, आणि चेहऱ्यावर जराही हसू न आणता मला दाखवली.

वही

चालून गेलेली प्रत्येक चिठ्ठी मी एका फाइलमध्ये ठेवते. वर कामाचं नाव, खाली चिठ्ठी, आणि त्याखाली फसली कधी आणि कुठली ओळ त्यानंतर घातली, ते तारखेसह. सध्या चौदा चिठ्ठ्या आहेत. सगळ्यात लांब मिनिट्सची, सगळ्यात छोटी दोन ओळींची : फाइलींना एकसारखी नावं देण्याची. साधनात सुधारणा झाली की जुन्या चिठ्ठीतल्या एखाद-दोन ओळींची गरज उरत नाही, म्हणून अधूनमधून एखादी ओळ काढून पाहते. ‘उल्लेख नाही’ची ओळ काढायचं धाडस अजून झालेलं नाही.

दोन नोंदी मी खोडल्या आहेत. एक म्हणजे ‘पुरवठादाराचा ताळेबंद वाचून मत’, त्यापुढे लिहिलं आहे : ‘तपासता येत नाही, अकाउंट्सला दे.’ दुसरी ‘ऑर्डर न मिळालेल्यांना नकार कळवणे’. ती चिठ्ठी चांगली चालत होती खरं तर, पत्रं व्यवस्थित येत होती. पण दोन जुन्या पुरवठादारांनी त्यानंतर कोटेशन पाठवणंच बंद केलं. त्या नोंदीपुढे मी लिहिलं आहे : ‘फोन कर.’